फोटो आणि व्हिडिओ : एकाच कॅमेऱ्यात समतोल कसा साधावा

२००८ साली निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ यांनी डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणाऱ्या, आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत) व्हिडिओ आणला, तेव्हापासून व्यावसायिक छायाचित्रकाराला कॅमेरा घेताना फोटो आणि व्हिडिओ यांच्या समतोलाचा हिशेब करावाच लागतो. मोठ्या छपाईचे काम असेल तर अधिक मेगापिक्सेलचा सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा भाग) घ्यावा. मात्र असा सेन्सर पूर्ण वाचला जाण्यास सहसा जास्त वेळ लागत असल्याने व्हिडिओत वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरक्या दिसू शकतात, हे ध्यानात ठेवावे. सोनी ए७एस ३ सुमारे १२ मेगापिक्सेलचाच आहे. व्हिडिओला तो उत्तम, पण मोठ्या पोस्टरला माझ्या मते तोकडा.

लग्नसमारंभात दोन्ही कामे असल्यास दोन स्वतंत्र सेटिंग आधीच जतन करून ठेवावीत, कारण सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी शटर (प्रकाश टिपला जाण्याचा वेळ) साधारणपणे १/५० सेकंद ठेवले जाते (आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरील दिव्यांची लुकलुकही त्यामुळे सहसा टळते), तर नाचणाऱ्या वऱ्हाडाचा फोटो त्या वेगाला हमखास पुसट येतो. त्यासाठी किमान १/२५० हवे. भर उन्हात व्हिडिओसाठी एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच) लावावा आणि फोटोपूर्वी तो आठवणीने काढावा. सलग ८के (अतिशय बारीक तपशिलाच्या) चित्रीकरणाने कॅमेरा तापतो, म्हणून महत्त्वाच्या विधींसाठी दुसरा कॅमेरा जवळ असू द्यावा.