माती खराब असेल तर घरच्या बागेत भाजी कशी लावायची

घरामागे जुनी भिंत आहे, रंगाचे पोपडे पडतायत, किंवा आधी तिथे गॅरेज नाहीतर भंगार होतं, तर बी टाकायच्या आधी जरा थांबा. जुन्या रंगात आणि पूर्वीच्या पेट्रोलमधे शिसं असायचं, ते मातीत पडलं की कुजत नाही, वरच्या थरातच बसून राहतं.

आधी टेस्ट. पाच-सहा जागची वरची 15 सेंमी माती खणून बादलीत एकत्र करा आणि त्यातली थोडी लॅबला द्या, भिंतीलगतची मात्र वेगळ्या पिशवीत. आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही विषारी द्रव्यं बघायचीत असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचा एनपीकेचा (नत्र, स्फुरद, पालाश या खतद्रव्यांचा) रिपोर्ट येतो आणि आपण खूश (माझं अगदी हेच झालेलं). अंदाजासाठी सांगते, अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) 2024 मधे घराभोवतीच्या मातीतल्या शिशाची तपासणीची पातळी 400 वरून 200 पीपीएमवर (म्हणजे किलोभर मातीत 200 मिलिग्रॅम) आणली.

आता बऱ्याच जणांना वाटतं शिसं मुळातून फळात चढतं. चढतं, पण फारच कमी. पोटात जातं ते मुख्यतः मातीच्या कणांतून. पालक धुवून झाल्यावर पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघा, कचकच लागते ना, तीच ती माती. म्हणून टोमॅटो, वांगी, घेवडा, भोपळा बिनधास्त लावा, पण गाजर, मुळा, बीट त्या मातीत नकोच, आणि पालेभाजी पण नको कारण धूळ तर बसतेच वर कॅडमियमही ती चांगलंच ओढून घेते.

पालेभाजी हवीच असेल तर 30 सेंमी उंच वाफा करा, तळाला जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) आणि वर बाहेरून आणलेली चांगली माती नि कंपोस्ट. कडेला रेल्वेचे जुने स्लीपर किंवा जुनं ट्रीटेड (वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं) लाकूड लावू नका, त्यातूनच क्रिओसोट (स्लीपरला लावलेलं डांबरी तेल) नाहीतर आर्सेनिक मातीत उतरतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खालच्याच मातीत लावायचं असेल तर भरपूर कंपोस्ट मिसळा, पीएच (माती किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) 6.5 ते 7 ठेवा, कमी असेल तर चुना टाका, शिसं आणि कॅडमियम झाडाला कमी मिळतं. आर्सेनिक निघालं असेल तर फॉस्फेट खत जपून, त्याने ते उलट सुटं होतं. सूर्यफूल लावून शिसं काढायचं म्हणतात त्या नादी लागू नका, वर्षानुवर्षं जातील.

उघडी माती पालापाचोळ्याने झाका, धूळ उडत नाही. बागेतले बूट दाराबाहेर, आणि लहान मुलं मातीत खेळली असतील तर खायच्या आधी हात साबणाने, नखं सुद्धा.