फणसाड अभयारण्यात थंडीत जाताय? मग आधी गप्प बसायला शिका

लोक काय करतात, काशीदला येतात, बीचवर मॅगी खातात आणि परतीच्या वाटेवर "चला एक तास फणसाड पण करून टाकू" म्हणत आत शिरतात. मग बाहेर येऊन बोंब, काहीच दिसलं नाही. एका तासात काय डोंबल दिसणार?

पहिली गोष्ट, इथे जीप सफारीवाला वाघ नाहीये. मुरुड-रोह्याच्या मधलं हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, म्हणून तर टिकलं, आणि १९८६ ला अभयारण्य झालं. आत बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी (ते सशाएवढं चिमुकलं हरीण), रानडुक्कर, शेकरू, सगळे आहेत, पण झाडी इतकी दाट की दहा पावलांवरचं सांबर पण दिसत नाही.

सुपेगावच्या गेटवर नोंद करा, फी भरा आणि गावातला वाटाड्या घ्याच, पैसे वाचवू नका. आतल्या पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात, धरणाची गाण, चिखलाची गाण अशी नावं आहेत, त्यातली एकच निवडा आणि तिथेच दोन-तीन तास बसा. सगळ्या गाणी फिरायच्या नादात एकही नीट होत नाही, मी पहिल्या दोन ट्रिपा अशाच घालवल्या.

बसायचं कुठे ते वाऱ्यावर ठरतं. सकाळी आपल्याकडे मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पाण्याच्या पश्चिमेला बसा, तुमचा वास जनावराकडे जात नाही. दुपारनंतर खारा वारा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे, सुटला की उलटं. डोंगराच्या आडोशाला वारा फिरतो पण, म्हणून चिमूटभर माती सोडून बघा कुठे उडते ते. परफ्यूम, ओडोमॉस वगैरे मारून आलात तर मग सांबर येईल ही आशा सोडा. सांबराचं नाक आपल्या डोळ्यांपेक्षा तेज.

खरं सांगायचं तर थंडीत पाणी ठिकठिकाणी असतं, त्यामुळे जनावरं पांगलेली असतात, उन्हाळ्यात जास्त दिसतात. पण मे महिन्यातल्या घामात तीन तास हलायचं नाही हे मला तरी जमत नाही. शिवाय थंडीत सांबराचा नर माजावर असतो, शिंगं पूर्ण भरलेली, दिसला की दिवस वसूल.

नाही दिसला तर चिखल वाचा. दुभंगलेला मोठा खूर सांबराचा, तसाच पण छोटा नाजूक भेकराचा. गोल पंजा असेल आणि नखांचे ठसे नसतील तर बिबट्या, नखं उमटली असतील तर बहुतेक गावातलं कुत्रं (आमच्या ग्रुपमधल्या एकाने कुत्र्याच्या पंजाचा फोटो बिबट्या म्हणून स्टेटसला ठेवला होता, अजून चिडवतो आम्ही). आणि कुत्र्यासारखं भुंकणं आतून आलं तर ते भेकर असू शकतं, वानरांनी पण खॅक खॅक चालू केलं तर जागचे हलू नका, जवळपास बिबट्या असू शकतो.

कपडे मळकट रंगाचे, फुल पँट मोज्यात खोचलेली, कारण गवतात गोचिडी असतात. घरी जाऊन गुडघ्यामागे, काखेत बघा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. वेफर्सची पिशवी आत नेऊच नका, तिचा आवाज इतका होतो की आमच्या समोरून पाण्यावर उतरत असलेली सांबराची मादी त्या एका चुर्रर्र आवाजाने मागच्या मागे गेली, आणि वाटाड्या काकांनी काही न बोलता फक्त माझ्याकडे बघितलं.