मिरगीच्या गोळ्या चालू, तरी फिट येते? या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला पहिली फिट आली ती विहिरीच्या काठावर. तासगाव तालुक्यातलं गाव, द्राक्षबाग, शेतीला लाईट रात्रीची. बागेला पाणी द्यायला तो सलग दोन रात्री जागा होता. जमलेल्यांनी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला, नाकाशी चप्पल धरली, कांदा फोडला. त्याचा पुढचा दात तुटला. फिट मात्र तिच्या वेळेनंच थांबली.

यातलं काही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर 108 ला फोन करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका.

खरं नुकसान नंतरच्या चुकांनी होतं. गोळ्या चालू असून गुण नाही म्हणून मिरजेत डॉक्टर बदलत फिरण्याआधी घरात काय चाललंय ते बघा.

गोळी रोज वेळेवर पोटात जाते का? उपवास म्हणून सकाळची राहते, लग्नाला जाताना डबी घरी विसरते, तीन महिने फिट नाही म्हणून घरचेच बंद करतात. अचानक बंद केलेल्या गोळीमुळे एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. साधारण दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करतात, तेही हळूहळू आणि प्रत्येकाच्या बाबतीत नाही.

जागरण हे तेवढंच मोठं कारण. वहीत तारखा मांडल्या तेव्हा दिसलं, भावाच्या पुढच्या तिन्ही फिट रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातल्या होत्या. रात्रीचं पाणी आता मी देतो. विहिरीवर त्याला एकट्याला जाऊ देत नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. सकाळी उठल्या उठल्या त्याचे हात झटका खायचे, चहाचा कप उडायचा. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो आणि डॉक्टरांना फक्त मोठी फिट सांगायचो. ते झटके म्हणजे मिरगीच होती. किशोरवयात सुरू होणाऱ्या या प्रकारात कार्बामाझेपिन ही एरवी चांगली गोळी झटके वाढवू शकते, आणि तो वर्षभर तीच घेत होता. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते, त्यामुळे त्यांना दिसतं ते आपण सांगतो तेवढंच. मोबाईलवर व्हिडिओ काढा, अगदी बारीकसा झटकाही. त्यावेळी लाज बाळगू नका.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली आणि डॉक्टरांनी पट्टकृमीचं नाव काढलं की काही घरं दुखावतात, 'आम्ही माळकरी, डुकराचं मांस कसं खाऊ?' अर्धकच्चं मांस खाल्ल्याने आतड्यात कृमी होतो, मेंदूत जातात त्या त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या. ती अंडी पोटात दुसऱ्याच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून, कच्च्या भाजीतून, दूषित पाण्यातून येतात. शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. निदान मान्य करा, उपचार पुढे ढकलू नका.

मुलगी वयात आली असेल, लग्न ठरत असेल, तर गोळीचं नाव बघा. सोडियम व्हॅलप्रोएट गरोदरपणात घेतल्यास बाळात व्यंग राहण्याचा आणि त्याचा बौद्धिक विकास मागे पडण्याचा धोका बराच वाढतो. परस्पर बंद करू नका, दिवस राहण्याच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला. सासरपासून गोळी लपवण्याचीही गरज नाही. मिरगी हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून 1999 सालीच काढून टाकलं आहे. लपवलं की गोळी चुकते, आणि मग फिट सगळ्यांसमोर येते.

हे सगळं सांभाळूनही, योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊन फिट थांबत नसतील, तर तिसरी-चौथी गोळी वाढवत वर्षं काढू नका. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या 116 मुलांवर अभ्यास झाला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं फिटमुक्त होती, फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी 7 टक्के. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागू होत नाही, पण ती होईल का हे तपासून घेता येतं. वही, व्हिडिओ आणि आजवरच्या सगळ्या गोळ्यांची डोससकट यादी घेऊन जा आणि डॉक्टरांना हे थेट विचारा.