अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, एक्स्टेंशन न टाकता

क्रोममध्ये लांबलचक वेबपानाचा वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट हवा म्हटलं की कुणीतरी लगेच एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं अ‍ॅप, सुचवतं. त्यातली काही तर सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची परवानगी मागतात. एका चित्रापायी एवढं कशाला? ही सोय डेव्हटूल्सच्या, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी क्रोममध्येच असलेल्या साधनांच्या, कमांड मेन्यूत आधीपासून आहे. हवं ते काम टाइप करून शोधायची ही यादी.

आधी पान एकदा तळापर्यंत स्क्रोल करा, नाहीतर उशिरा लोड होणाऱ्या चित्रांच्या जागी पांढरे चौकोन येतील. मग एफ१२ दाबून डेव्हटूल्स उघडा आणि कंट्रोल + शिफ्ट + पी दाबा. मॅकवर कमांड + शिफ्ट + पी.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. माझंही दोन दिवस अडलं होतं. मेन्यूऐवजी प्रिंटची खिडकी उघडायची आणि मी क्रोमला शिव्या घालायचो. एकदा घाईत एंटर दाबला, तर पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरने ते पान छापून अकरा कागद बाहेर टाकले! चूक माझीच होती. विंडोजवर शेवटचं क्लिक पानावर झालेलं असेल तर हीच बटणं प्रिंटची ठरतात. म्हणून आधी डेव्हटूल्सच्या आत कुठेतरी क्लिक करा, मगच बटणं दाबा. ‘क्रोम पुन्हा इन्स्टॉल करून बघा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

मेन्यू उघडला की त्याच्या चौकटीत सुरुवातीला > हे चिन्ह असतं. ते पुसलंत की कमांडऐवजी फाइलींची यादी दिसते. घाबरू नका, > पुन्हा टाइप करा. आणि कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर काहीच सापडणार नाही. विंडोज + स्पेस दाबून तो इंग्रजीवर आणा. हे मी अजूनही विसरतो.

आता रुंदीचं बघा. डेव्हटूल्स उजवीकडे चिकटलेले असले की पान आक्रसतं आणि स्क्रीनशॉटही तसाच, टॅबलेटवर दिसावा तसा निघतो. मेन्यूत इंग्रजीत ‘डॉक’ टाइप करून ‘डॉक टू बॉटम’ निवडा. पान पुन्हा पूर्ण रुंद होईल. पान मोबाइलवर कसं दिसतं ते हवं असेल, तर मात्र असं आक्रसवण्यापेक्षा डेव्हटूल्समधलं मोबाइलचं चिन्ह वापरा.

मेन्यू परत उघडा, ‘फुल साइज’ टाइप करा, ‘कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट’वर एंटर. पीएनजी फाइल डाउनलोडमध्ये येते.

एखादा तक्ताच हवा असेल, तर डेव्हटूल्सच्या ‘एलिमेंट्स’ या भागात, जिथे पानाचे घटक ओळीने दिसतात, तो निवडून ‘कॅप्चर नोड स्क्रीनशॉट’ चालवा. काटछाट करत बसावं लागत नाही. फायरफॉक्सवाल्यांनी मात्र कंट्रोल + शिफ्ट + पीच्या नादी लागू नये, तिथे त्या बटणांनी प्रायव्हेट विंडो उघडते. त्यांच्यासाठी कंट्रोल + शिफ्ट + एस आहे, त्यात पूर्ण पान घ्यायचा पर्याय समोरच असतो.