क्रिप्टोग्राफीवर चर्चा भरवताय? या चुका टाळा

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा जमतो. क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे मजकूर परक्याला वाचता येऊ नये असा बदलायच्या शास्त्राचा, आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, एवढाच विषय. तरी गाडी रुळावरून घसरते, आणि दर वेळी त्याच जागी.

निमंत्रणात नुसतं ‘क्रिप्टो’ लिहू नका. बिटकॉइन घ्यावं का, हे विचारायला माणसं येतात आणि त्यांचाही रविवार फुकट जातो.

दुसरी चूक माझी, आणि ती अजून सलते. २०२१च्या आयटी नियमांवर बोलायला बसलो होतो. रीतसर आदेश आला तर मेसेज मुळात कोणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं, अशी त्यात तरतूद आहे. दहा मिनिटांत कुठला पक्ष बरा यावर आवाज चढले. लोक बोलतायत तर बोलू देत, म्हणून मी गप्प राहिलो. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू वहीच्या पानावर पाच प्रश्न लिहून आल्या होत्या. आल्या आल्या मला दाखवलेही होते. पहिला होता, ‘माझा मेसेज कंपनीला वाचता येतो का?’ तासाभराने त्यांनी पानाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि न बोलता निघून गेल्या.

तेव्हापासून फळ्यावर आधी लिहितो: किल्ली कोणाकडे? बोलणाऱ्याने मुद्दा या प्रश्नाला जोडायचा, नाहीतर खाली बसायचं. काकूंचं उत्तरही त्यातच होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६पासून मेसेज उघडायची किल्ली दोघांच्या फोनवरच असते, त्यामुळे मजकूर कंपनीला वाचता येत नाही. पण क्लाउडवरच्या बॅकअपला तसंच कुलूप लावायची सोय २०२१मध्ये आली, आणि ती सेटिंगमध्ये जाऊन आपणच सुरू करावी लागते.

‘मग एक किल्ली सरकारकडे ठेवायला काय हरकत?’ हा प्रश्न येतोच. टाळू नका, पण नुसत्या मतांवर सोडूही नका. अमेरिकेने १९९३मध्ये फोनवरचं बोलणं गुप्त ठेवणारी क्लिपर चिप आणली होती, किल्ल्या सरकारी यंत्रणांकडे. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने त्यातली त्रुटी दाखवली. ग्रीसमध्ये २००४-०५मध्ये, कायदेशीर टॅपिंगसाठी असलेल्या सोयीतूनच अज्ञात लोकांनी शंभरेक फोन ऐकले, पंतप्रधानांचासुद्धा. मी या दोन गोष्टी सांगतो आणि मग मतं विचारतो.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो वाचायला द्या.

स्वतः बनवलेला ‘अभेद्य’ कोड घेऊन कोणी येतंच, बहुधा नवशिक्या इंजिनिअर. पद्धत जगजाहीर झाली तरी कुलूप टिकलं पाहिजे, हे केर्कहॉफ्स या क्रिप्टोग्राफीच्या अभ्यासकाने १८८३मध्येच मांडलं. एवढंही न वाचता फळा मागणाऱ्याला मी फळा देत नाही.

आणि चहा शेवटी. मध्येच दिला की घोळके पडतात, मग फळ्याकडे कोणी बघत नाही.