रिझर्व्ह बँक रोखे खरेदी करत असताना या चुका टाळा

आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात कापसाचे किंवा निवृत्तीचे पैसे हाती आले की एकच प्रश्न येतो: व्याज कुठे जास्त? तो दर कोणामुळे तेवढा आहे, हे कोणी विचारत नाही. नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरकारी रोख्याची यील्ड, म्हणजे आजच्या भावात रोखा घेतला तर वर्षाला पडणारा परतावा, हा बाजाराचा कौल मानणं. 2021 च्या अर्थसंकल्पात केंद्रानं सुमारे 12 लाख कोटींची उसनवारी मांडली. एवढे रोखे विकायला येणार म्हणजे भाव पडणार आणि यील्ड चढणार. पण 10 वर्षांच्या रोख्याची यील्ड त्या वर्षी बराच काळ 6 टक्क्यांच्या आसपासच राहिली, कारण रिझर्व्ह बँक स्वतः खरेदीला उतरली होती. एप्रिल-जूनसाठी 1 लाख कोटी, पुढच्या तिमाहीसाठी 1.2 लाख कोटी, तेही आधी जाहीर करून. सीसीआयचं (कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र चालू असतं तोवर व्यापाऱ्याला हमीभावाच्या फार खाली बोलता येत नाही, केंद्र बंद पडलं की त्याचा भाव कळतो. इथेही तेच.

खरेदीचा पैसा बँकांच्या खात्यात गेला. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर, 4 टक्के असताना बँकांमधल्या एका रात्रीच्या उसनवारीचा दर 3.35 च्या जवळ घसरला. पैशाला तोटा नसलेल्या बँका ठेवीवर जास्त व्याज कशाला देतील? मोठ्या बँकांची एफडी 5 ते साडेपाचवर आली.

त्याच वर्षी ओळखीचे एक निवृत्त गुरुजी एजंटाचा कागद घेऊन आले. "भाऊ, बँक पाच टक्के देऊन राह्यली, अन् या फंडानं मांगच्या वर्षी बारा देल्ले!" फंड लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचा होता. मी समजावलं की हे बारा टक्के यील्ड उतरताना रोख्यांचे भाव चढले म्हणून आले, पुन्हा येतीलच असं नाही. ते थांबले नाहीत, ग्रॅच्युइटीतला मोठा भाग टाकला. ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं तो खरेदी कार्यक्रम थांबवला, मे 2022 पासून रेपो वाढू लागला आणि जूनमध्ये यील्ड साडेसातच्या वर गेली. 6 टक्के व्याजाचा 10 वर्षांचा 100 रुपयांचा रोखा साडेसातच्या यील्डला 90 च्या आसपास येतो, हा साधा हिशेब आहे. मुलीच्या लग्नासाठी गुरुजींनी पैसे काढले तेव्हा मुद्दलही पूर्ण हाती आलं नाही. मला आजही त्या एजंटाचा राग येतो. सुरक्षित म्हणून विकलं, भावाचा धोका सांगितला नाही.

त्याच काळात पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना 7.4 टक्के देत होती. रांगेत उभं राहावं लागतं म्हणून लोक टाळतात.

माझी सवय सांगतो. मोबाईलवर मागच्या वर्षाचा परतावा मी बघतच नाही. पतधोरणाचं निवेदन वाचतो आणि रिझर्व्ह बँक रोखे घेते आहे, विकते आहे की थांबली आहे, एवढं वहीत लिहितो. खरेदी जोरात असेल तर एफडी वर्षभराचीच करतो, पाच वर्षांना पैसे अडकवत नाही. घाई असलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं, वाटू द्या.

पीककर्जाचा दर यील्डवर ठरत नाही, तो सरकारी व्याज सवलतीचा आहे. वेळेत फेडा.

यील्ड वाढली म्हणजे आधी घेतलेल्या रोख्याचं व्याज वाढत नाही.

एफडीचा दर कमी म्हणून पतसंस्थेकडे धावू नका, तिथल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नाही.