ऑर्किडची कुंडी बदलताना या चुका टाळा

ऑर्किडची मुळे कुंडीबाहेर लोंबू लागली की झाडाला जागा अपुरी पडते आहे असे समजून बहुतेक जण मोठी कुंडी आणतात, आणि नुकसानीला तिथूनच सुरुवात होते. फॅलेनॉप्सिससारखी ऑर्किड निसर्गात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर केवळ आधारापुरती राहतात. त्यांची मुळे पावसात भिजतात आणि वाऱ्याने लवकरच सुकतात. मुळे हवेत येणे हे त्यांच्या स्वभावातच आहे. कुंडी बदलण्याचे खरे कारण झाडाचा आकार नसून कुंडीतल्या माध्यमाची, म्हणजे मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांची, अवस्था हे असते. हे तुकडे साधारण दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होतात, त्यांच्यामधल्या हवेच्या फटी बुजतात आणि मुळे गुदमरून सडू लागतात. तुकडा बोटांनी दाबताच चुरत असेल, किंवा पाणी दिल्यावर कुंडी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस ओली राहत असेल, तर माध्यम बदलण्याची वेळ झाली आहे.

बागेतली माती मात्र या कामासाठी कधीही वापरू नये, कारण तिच्यात या मुळांना हवाच मिळत नाही.

वेळ चुकणे ही दुसरी मोठी चूक होय. झाड फुलांवर असताना मुळे हलवली तर कळ्या गळण्याची शक्यता असते, म्हणून फॅलेनॉप्सिसची कुंडी फुले ओसरल्यावर, नवे पान किंवा मुळांची ताजी हिरवी टोके दिसू लागली की बदलावी. कॅटलिया या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडच्या बाबतीत नव्या कोंबाच्या तळाशी मुळे जेमतेम डोकावू लागतात तेच दिवस योग्य असतात. तीच मुळे बोटभर लांब झाल्यावर हात लावला तर त्यांची कोवळी टोके मोडतात आणि झाडाची वाढ अडते. मुळे सडलेली असतील तर मात्र यातले काहीही पाहू नये. अशा वेळी फुलांचा दांडा कापावा लागला तरी चालेल, पण झाड लगेच बाहेर काढावे.

बाहेर काढण्यापूर्वी कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवल्यास मुळे लवचिक होतात. कुंडीला चिकटलेली मुळे ओढून सोडवण्यापेक्षा प्लॅस्टिकची कुंडीच कापलेली बरी. त्यानंतर जी चूक सर्वाधिक होते ती म्हणजे रंग पाहून मुळे छाटणे. कोरडे निरोगी मूळ रुपेरी दिसते आणि भिजले की हिरवे होते, परंतु माध्यमाच्या आत उजेड न मिळाल्याने पिवळसर किंवा तपकिरी पडलेले मूळही पुष्कळदा निरोगी असते, त्यामुळे प्रत्येक मूळ दाबून पाहावे. टणक असेल ते ठेवावे. जे पोकळ किंवा लिबलिबीत लागते आणि ज्याचे बाहेरचे आवरण निसटून आतला दोरा तेवढा हाती येतो, ते कापावे. ऑर्किडचे विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्या झाडात पसरतात, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर धरून निर्जंतुक करावे. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती निरोगी मुळांवर पडल्यास त्यांना सुकवते, त्यामुळे मुळांवर ती न वापरणेच मला योग्य वाटते.

विकत आणलेल्या झाडात आणखी एक धोका लपलेला असतो. रोप लहान असताना त्याच्या मुळांभोवती गुंडाळलेल्या शेवाळाचा गोळा पुष्कळदा तसाच मधोमध राहतो, वरची साल कोरडी दिसते आणि आत मात्र सतत ओल टिकून राहते. अख्खा गोळा नव्या कुंडीत बसवला तर कुंडी बदलूनही सड थांबत नाही, म्हणून तो हलक्या हाताने सोडवून काढावा.

नवी कुंडी उरलेली मुळे जेमतेम मावतील एवढीच घ्यावी. सड काढल्यानंतर कित्येकदा जुन्याच मापाची, कधी तर त्याहून लहान कुंडी लागते, कारण ज्या माध्यमापर्यंत मुळे पोहोचत नाहीत ते लवकर वाळत नाही. सालीचे नवे तुकडे आदल्या रात्री भिजत घालावेत. सर्वांत खालच्या पानाचा तळ माध्यमाच्या पृष्ठभागाशी राहील इतपतच झाड बसवावे, कारण पानांचा बेचका बुजला की तो कुजतो. हवेत वाढलेली मुळे सक्तीने आत कोंबू नयेत. झाड डुलत असेल तर काठीला बांधावे, नाहीतर फुटणारी प्रत्येक कोवळी मुळी घासली जाते.

मुळे कापली असतील तर तीन-चार दिवस पाणी देऊ नये, आणि मुळांना नवी टोके दिसेपर्यंत खतही देऊ नये. या काळात पाने थोडी मलूल झाली की घाबरून जास्त पाणी दिले जाते, पण मुळे कमी असल्याने ते पाणी शोषले जात नाही आणि सड पुन्हा सुरू होते. अशा झाडाला थेट उन्हापासून दूर, दमट हवेत ठेवावे. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडून गळाले तर तो बिघाड समजू नये. मात्र वरची पाने तळापासून काळपट होऊ लागली तर झाड पुन्हा काढून मुळे तपासावीत.